बघणाऱ्यांची यादी

कालपासून खाली मंडपाचे बांबू पडायला लागलेत. उतरवत नाहीत, ट्रकवरून सरळ फेकतात. बांबूवर बांबू आदळला की आधी पोकळ आणि लगेच काहीतरी फुटल्यासारखा आवाज होतो, तो चारही चाळींच्या भिंतींवर आपटत आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो आणि माझे खांदे आपोआप वर जातात. काळाचौकीत जन्म गेला माझा. लहानपणी हा आवाज ऐकला की मी पायात चप्पल न घालता खाली पळायचे. आता हातातला कप खाली ठेवते आणि आवाज थांबेपर्यंत उभी राहते.

भाद्रपद आमच्याकडे आधी नाकाला कळतो. थिनर, ओला रंग, नव्या कापडाची खळ, मूर्तीच्या कारखान्यातून उडणारी पांढरी भुकटी. पावसाने उघडीप दिली की असं ऊन पडतं की गॅलरीच्या कठड्याला हात लावून बघू नये. संध्याकाळी ढोलाचा सराव सुरू होतो. लोक म्हणतात, ढोल छातीत वाजतो. मला तो दातांच्या मुळाशी वाजतो. या दिवसांत माणसं कशावरून तापतील सांगता येत नाही. खांब कुणाच्या दारासमोर रोवला, नळावरची बादली कुणी सरकवली, शेजारच्या मंडळाचा ढोल आपल्या आरतीत का वाजला. मी शाळेत असताना याच चौकात ट्यूबलाइट फोडून त्या एकमेकांच्या अंगावर घालताना मोठी माणसं बघितली आहेत. दुसऱ्या दिवशी काच झाडून तिथेच रांगोळी घातली होती. रंगात उरलेले चमकते तुकडे आम्ही मुलं बोटांनी वेचत होतो.

पण असे कितीही भाद्रपद आले, तरी माझा भाद्रपद एकच. सात वर्षांपूर्वीचा.

मी नेटवर्कचं काम करते. परळच्या एका ऑफिसात थंड खोलीत बसायचं, कुठला राउटर कुठल्या राउटरशी बोलत नाही ते शोधायचं आणि त्यांना पुन्हा बोलतं करायचं. त्या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी कदम घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "प्रज्ञा, म्हातारी माणसं वर अडकलीत. जिना उतरवत नाही त्यांना. घरच्या टीव्हीवर बाप्पा दाखवायचाय. चारही चाळींत. जमेल?"

मी काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जमेल का काय विचारता? तिचं कामच आहे ते."

आधी हे दर्शन केबलवाल्याच्या चॅनेलवर दिसायचं. मध्येच जाहिराती यायच्या आणि ऐन आरतीला चित्र गोठायचं. केबलवाल्याला सगळे नुसतं शेट म्हणायचे. आमच्या गच्च्यांवरून गेलेली प्रत्येक वायर त्याची, असा त्याचा समज होता आणि त्याच्या माणसांनी तो आमच्याही गळी उतरवला होता.

वायर ओढायला दत्ताकाका होते. गिरणीत वायरमन म्हणून लागले, गिरणी गेल्यावर घरोघरची कामं करत राहिले. साठी ओलांडलेली, पण शिडीवर असे चढायचे की खालच्याला धाप लागावी. बोलणं मालवणी, आवाज खरखरीत. पहिल्या दिवशीच म्हणाले, "बाय, तू लॅपटॉपात बघ. वायरीचा माझ्यावर सोड. खयची वायर खय गेली ह्यां माका डोळे मिटून कळता." प्रत्येक घरात टीव्हीला एक छोटी डबी लावायची होती. काकांनी प्रत्येक डबीवर जाड पेनाने चाळ आणि खोली लिहिली. अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं सुबक.

पहिला प्रयत्न फसला. प्रत्येक घर कॅमेऱ्याकडे स्वतंत्र चित्र मागायचं, आणि विसेक घरांनंतर कॅमेरा मान टाकायचा. मग मी मल्टिकास्ट करायचं ठरवलं. कॅमेऱ्याने चित्र एकदाच सोडायचं. ज्या घराने टीव्ही लावला, त्या घरची डबी मागणी नोंदवणार: मला हवंय. ती मागणी चाळीच्या स्विचकडे, तिथून राउटरकडे, आणि चित्राची प्रत फक्त तेवढ्याच वाटेने निघणार. ज्यांनी मागितलं नाही त्यांच्याकडे काहीच जाणार नाही. सांगायला सोपं. करताना मात्र चित्र पहिल्या चाळीत दिसे आणि दुसरीत काळं. तीन दिवस मी ऑफिसातून येऊन मंडपामागच्या प्लायवूडच्या खोलीत बसत होते. शेवटी सापडलं. कॅमेऱ्यातून निघणाऱ्या प्रत्येक पॅकेटला किती राउटर ओलांडायचे त्याचा आकडा बांधून दिलेला असतो, आणि आमच्या कॅमेऱ्यात तो एक होता. पहिल्याच राउटरच्या उंबऱ्यावर चित्र मरत होतं. मी तो आकडा वाढवला आणि समोरच्या चाळीतून एकदम ओरडा झाला, "दिसला! दिसला!" दत्ताकाकांनी शिडीवरूनच दोन्ही हात जोडले. मी खाली उभी राहून ओरडले, "काका, शिडी धरा आधी!"

आणखी एक गोष्ट मी तेव्हा केली. कुठल्या घराची मागणी पोचत नाही ते कळावं म्हणून, डबीने मागणी नोंदवली की वेळ आणि खोलीचा नंबर माझ्या लॅपटॉपवर एका ओळीत उमटावा अशी सोय केली. फक्त चूक शोधण्यासाठी. काम झालं की बंद करणार होते. राहून गेलं.

गणपती बसायच्या चार दिवस आधी दुसऱ्या चाळीच्या गच्चीवरची वायर कापलेली सापडली. उंदराने कुरतडलेली नव्हे, पक्कडीने तोडलेली. काकांनी जोडली. दुसऱ्या दिवशी तिथलाच स्विच हातोड्याने फोडून त्यावर बादलीभर पाणी ओतलेलं होतं. काकांनी तुकडे गोणपाटात गोळा केले आणि नवा स्विच बसवला. त्यांच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसत होती.

हे कुणी केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नित्याने. नितीन आमच्याच मजल्यावर वाढला. माझ्याच वर्गात. त्याची आई परळच्या एका इस्पितळात आया होती, पाळ्या करायची, त्यामुळे शाळा सुटली की नित्या आमच्या घरी जेवायला. आई त्याला माझ्याआधी वाढायची, कारण तो भुकेला की भांडायचा. दहावीनंतर तो शेटच्या केबलवर लागला, मग शेटच्या वसुलीवर, मग शेट ज्याला गप्प बसवायला सांगेल त्याला गप्प बसवायच्या कामावर. दिसला की मला हाक मारायचा, आईला वाकून नमस्कार करायचा. त्याच्या मुठीवरच्या जखमांबद्दल आम्ही कधी विचारलं नाही.

स्विच फुटला त्या दुपारी तो कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात तिघा माणसांबरोबर उभा होता. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"नित्या, का केलंस?"

"तुला काय त्रास आहे का? नाही ना? मग झालं." तो हसत होता. "ऐक, प्रज्ञा. आज दर्शन दाखवताय, उद्या सिरियल दाखवाल. शेटला समजतं सगळं. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. गच्चीवरची हवापण शेटची आहे असं समज."

मी त्याच्या कानाखाली वाजवली.

हात इतक्या जोरात बसला की माझी बोटं बधिर झाली. नित्याने गालावर हात ठेवला, हसू तसंच ठेवलं, पण डोळे बदलले. त्याचे साथीदार त्याच्या तोंडाकडे बघत होते, तो काय करतो म्हणून. त्याने काहीच केलं नाही. कप खाली ठेवला आणि निघून गेला. मी घरी आले ती छाती पुढे काढून. बोटांची झिणझिण रात्रीच्या जेवणापर्यंत होती आणि मला ती आवडत होती. हे आज सात वर्षांनी लिहिताना लाज वाटते, पण आवडत होती हे खरं आहे.

गणपती बसले. पहिले दोन दिवस चित्र काचेसारखं स्वच्छ. लकव्याने पडून असलेले एक आजोबा टीव्हीकडे बघत टाळ्या वाजवत होते म्हणे, एका हाताने मांडीवर. कुणी तुळशीचं पान टीव्हीवर ठेवलं. आईने तर घरच्या टीव्हीला हार घातला.

तिसरा दिवस, दुपारी चारच्या सुमाराची वेळ. जेवणं उरकलेली, आरतीला अवकाश, मंडपात कुणी नाही. दत्ताकाका मखराच्या उजव्या बाजूला शिडीवर चढून भिंतीवरच्या डबीत काहीतरी आवळत होते. मी मागच्या प्लायवूडच्या खोलीत लॅपटॉपसमोर. बाहेर पावलं वाजली आणि माझ्या खोलीच्या दाराची कडी बाहेरून लागली.

"तू आतच बस," नित्याचा आवाज आला. अगदी शांत.

मग शिडी पडली.

पुढची काही मिनिटं मी दोनदा जगले. आवाज आधी फळीतून यायचा, खरा, आणि दोन क्षणांनी तेच चित्र लॅपटॉपवर दिसायचं. आधी काकांचं ओरडणं, मग काकांचं उघडलेलं तोंड. आधी लोखंड हाडावर बसल्याचा आवाज, मग सळई खाली येताना. चौघे होते. काका भिंतीला टेकून बसल्यासारखे होते, एक हात डोक्यावर धरलेला. सळई त्या हातावर बसली. मूर्तीसमोरच्या पाटावर रक्ताचे बारीक शिंतोडे उडाले. समई तशीच तेवत होती.

मी दारावर लाथा मारल्या. ओरडले. मागच्या गल्लीत कुणी नव्हतं. फोन वाजला. कदम.

"प्रज्ञा, बंद कर ते! आधी बंद कर! घराघरात दिसतंय, बाप्पाच्या पुढ्यात रक्त दिसतंय!"

"तुम्ही खाली या ना! माणसं घेऊन या! काका मरतील!"

"तू बंद कर आधी!"

एक ओळ टाइप केली असती तर चारही चाळी काळ्या पडल्या असत्या. मी केली नाही. मला वाटलं, दिसू दे. दिसलं तर येतील. चाळीत इतकी माणसं आहेत, इतके टीव्ही चालू आहेत, कुणीतरी येईलच. आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात त्या ओळी उमटायला लागल्या. दुसरी चाळ, खोली अठरा. चौथी चाळ, खोली सात. पहिली चाळ, खोली तीस. मागणी, मागणी, मागणी. फोनाफोनी झाली होती. ज्यांचे टीव्ही बंद होते ते लावत होते. मला हवंय. मला हवंय. ओळी वर सरकत होत्या आणि मंडपाच्या दारात कुणी नव्हतं. मला नीट आठवतं, मी त्या ओळींना शिव्या देत होते. उतरा ना खाली, भडव्यांनो, उतरा.

मग ते उतरले. एकदम. चारही जिन्यांवरून धबधबा कोसळावा तसा पावलांचा आवाज आला. नित्याचे तिघे साथीदार मागच्या कनातीखालून पळाले. नित्या पळाला नाही, किंवा पळायला त्याला उशीर झाला. त्याने सळई टाकली आणि दोन्ही तळवे पुढे केले. मग तो दिसेनासा झाला. पाठीच पाठी दिसत होत्या, आणि वर जाणारे, खाली येणारे हात. बॅट, पाटाची फळी, मंडपाचा बांबू, कुणाच्या हातात नारळ. इतका वेळ जिन्यात अडकून राहिलेली भीती बाहेर पडत होती, आणि ती दुसऱ्या कुणावर पडणार? कुणीतरी दत्ताकाकांना उचलून नेलं. माझं दार मात्र कुणी उघडलं नाही.

आता बंद करायला हवं होतं. काकांना नेलं होतं. आता चालू ठेवायचं कारण उरलं नव्हतं. मी बंद केलं नाही. मी बघत होते. प्रत्येक आवाजानंतर त्याच्या चित्राची वाट बघत होते. फळीतून धप्प ऐकू यायचं आणि मी मनात म्हणायचे, आता दिसेल.

आणि मग दिसली ती आई. मोरपंखी साडी, गुडघ्यात दुखतं म्हणून किंचित वाकडी चाल. हातात गॅलरीतली कपडे वाळत घालायची काठी. माणसांना बाजूला सारत ती आत गेली. काठी वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली.

मी लॅपटॉपचं झाकण खाड्कन मिटलं. पण चित्र लॅपटॉपमुळे जात नव्हतं. कॅमेरा सोडत होता, राउटर वाटत होता. चारही चाळींत ते दिसतच राहिलं.

दत्ताकाकांच्या कवटीला तडा गेला होता आणि उजव्या मनगटाची हाडं चुरली होती. वाचले. पण त्या हाताला पकड राहिली नाही, पेनसुद्धा धरता येत नाही. नित्या वाचला तेही नशीबच. त्याचा डावा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी सबइन्स्पेक्टर बाई आल्या. तरुण होत्या, थकलेल्या, बंदोबस्ताने पाय सुजलेले. त्यांनी चारही चाळींत दारोदार विचारलं. कुणी काही बघितलं नव्हतं. आम्ही झोपलो होतो. आम्ही गावाला होतो. आमचा टीव्ही बंद होता. मंडळानेही हात वर केले: चित्र थेट जायचं, साठवायची सोयच नव्हती. ते खरं होतं. बाई आमच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "गणपतीचे दिवस, दुपारची वेळ, आणि एवढ्या घरांत एकाचाही टीव्ही चालू नव्हता. तुम्हाला पटतं हे?"

मी म्हटलं, "बघून सांगते."

त्या गेल्या आणि मी लॅपटॉप उघडला. यादी होती. वेळेसकट. मारहाण सुरू व्हायच्या आधी कोण बघत होतं, आणि सुरू झाल्यावर कुणी मुद्दाम टीव्ही लावला. दत्ताकाकांनी ज्या ज्या डबीवर नंबर लिहिला होता, ते सगळे.

संध्याकाळपर्यंत कदमांना कळलं. कसं कळलं ते मला आजही माहीत नाही. ते आले, या वेळी बसले नाहीत. "काढून टाक ती यादी. बघितलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही."

"मी गुन्हेगार म्हणत नाहीये. बघितलं एवढं तरी सांगा."

"आणि खाली कोण कोण आलं, ते विचारतील तेव्हा? आपलीच माणसं आहेत, प्रज्ञा. तुझ्या घरातलंही कुणी असेल." हे बोलून ते माझ्याकडे न बघता निघून गेले.

आई सगळं ऐकत बसली होती. गॅलरीत दोरीवर ओले कपडे तसेच पिळे करून टाकलेले, कारण ते पसरायला काठी नव्हती.

"तू होतीस, आई," मी म्हटलं.

"होते."

"काठी..."

"दोनदा मारलं. तिसऱ्यांदा मारणार होते, काठी मोडली." ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. "मी आधी दत्तूला बघितलं टीव्हीवर. हात डोक्यावर धरलेला. मग मला काही दिसलंच नाही. खाली पोचले तेव्हा मला माहीत होतं की हा आपला नित्या आहे. माहीत असूनच मारलं. परक्याला नसतं मारलं मी इतकं."

मग म्हणाली, "दे ती यादी. आपली खोली पहिली लिही."

मी यादी सबइन्स्पेक्टर बाईंना दिली. पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. दारावर काळं ऑइल ओतलं. खिडकीतून वीट आली, आईच्या पलंगावर पडली, ती तेव्हा मोरीत होती म्हणून वाचली. नळावर कुणीतरी तिला मागून ढकललं, कपाळाला चार टाके पडले. कुणी ढकललं ते तिने सांगितलं नाही. चारही चाळींतून लोकांनी डब्या काढून आणल्या आणि आमच्या दारात आपटल्या. सकाळी दार उघडलं की प्लास्टिकचे तुकडे आणि त्यावर काकांचं सुबक अक्षर. एका हाताने मांडीवर टाळ्या वाजवणाऱ्या ज्या आजोबांना मी बाप्पा दाखवून हसवलं होतं, त्यांची सून माझ्या पायाशी थुंकली.

पण तीन घरांनी जबाब बदलले. आमचा टीव्ही चालू होता, आम्ही बघितलं, काकांना मारणाऱ्यांची तोंडं ओळखू. तेवढं पुरलं. नित्या आणि ते तिघे आत गेले. शेटचं नाव कुठेच आलं नाही.

दत्ताकाकांना सांगायला गेले तेव्हा ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते, उजवा हात मांडीवर उपडा. मग म्हणाले, "बरा केलंस गो. पण माका एक सांग. यादी माझ्यासाठी दिलंस काय त्येच्यासाठी?"

"कुणासाठी, काका?"

"नित्यासाठी. त्येकाय मारल्यानीच ना?" त्यांचा आवाज खरखरीतच होता, पण चढला नव्हता. "माका चौघांनी मारल्यानी. त्येका सगळ्यांनी."

मला खरोखरच माहीत नव्हतं. काही गोष्टी आपण न्याय म्हणून करतो की त्या दुपारी मिटता न आलेलं चित्र मिटवायला, हे सांगणं कठीण आहे. यादीत बघणारे होते. मारणारे नव्हते. आणि बघणाऱ्यांत, बंद खोलीत, सगळ्यात जवळून आणि सगळ्यात जास्त वेळ बघणारी मी होते. माझी नोंद कुठेच नव्हती, कारण माझा लॅपटॉप कुणाकडे मागणी करत नव्हता. कॅमेऱ्याची वायर थेट त्याला जोडलेली होती.

नित्याला मारल्याची केस वेगळी होती. त्यात आरोपी म्हणून एकच नाव, आईचं, कारण मी मारलं असा जबाब तिने एकटीनेच दिला होता. ती केस भोईवाड्याच्या कोर्टात उभी राहायला चार वर्षं गेली. तोपर्यंत नित्या शिक्षा भोगून बाहेर आला होता. शेटने त्याला परत घेतलं नव्हतं. एका डोळ्याचा माणूस धाक घालायला चालतो असं वाटतं, पण लोकांना त्याच्याकडे बघून धाक वाटायचा नाही, कसंतरी व्हायचं.

भोईवाड्याचं कोर्ट म्हणजे रंग उडालेले बाक, कागदाचे गठ्ठे, पंख्याचा कुरकुर आवाज, आणि बाहेर देवळातली घंटा. आई सत्तरी ओलांडलेली. तिने त्या दिवशी इस्त्रीची सुती साडी नेसली होती. नित्या साक्षीला उभा राहिला. काळा चष्मा होता, तो वकिलांनी काढायला सांगितला. आईने मान खाली घातली नाही.

सरकारी वकिलांनी विचारलं, "तुम्हाला मारणाऱ्यांमध्ये या बाई होत्या का?"

नित्याने आईकडे बघितलं. चांगला डोळा बारीक करून, नीट बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "काकू नव्हत्या."

"नीट बघून सांगा."

"बघितलं ना साहेब. नव्हत्या त्या."

"खोटं बोलू नकोस, नित्या!" आईचा आवाज कोर्टभर घुमला. "होते मी. दोनदा मारलं तुला."

न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. आमच्या वकिलांनी आईचा दंड धरून तिला खाली बसवायचा प्रयत्न केला. ती बसली नाही. "लिहून घ्या साहेब," ती म्हणाली, "तो माझ्या हातचं जेवलाय म्हणून खोटं बोलतोय. ते धरू नका."

नित्या कठड्याला घट्ट धरून उभा होता. त्याच्या उघड्या, रिकाम्या खोबणीतूनही पाणी येत होतं. तिथूनही येतं, हे मला माहीत नव्हतं.

बरीच कागदपत्रं झाली. डोळा आईच्या काठीने गेला नव्हता हे डॉक्टरांच्या कागदात होतंच. तिने गुन्हा कबूल केला, वय बघितलं गेलं. शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंत. म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिने तिथेच बसून राहायचं. वकील खुश झाले. माझ्या कानात म्हणाले, "सुटल्याच म्हणा."

आई मागच्या बाकावर बसली. मी तिच्या शेजारी. नित्याचं काम संपलं होतं, तो जाऊ शकत होता. गेला नाही. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, चष्मा हातात धरून. इतर केसेस चालल्या. चोऱ्या, धक्काबुक्की, कुणाच्या भिंतीवरून भांडण. दोघं एक शब्द बोलले नाहीत. एकमेकांकडे बघितलंही नाही. एकदा पंखा बंद पडला तेव्हा आईने पदराने वारा घेतला, आणि घेताघेता तो पदर थोडा त्याच्या बाजूलाही हलत होता. मुद्दाम की नाही, मला सांगता येणार नाही.

पाचच्या पुढे न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले, बसले, मग निघाले. शिपाई खिडक्या लावत आमच्यापर्यंत आला.

"चला आजी, कोर्ट उठलं. सुटलात तुम्ही."

आईने त्याच्याकडे बघितलं. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे.

"तुमचं उठलं असेल," ती म्हणाली आणि बसून राहिली.